रत्नांची नावं आणि जकातीचे आकडे



सोनाराचं बिल हातात आलं की आपण वजन, घडणावळ आणि शेवटची रक्कम बघतो. मधे कुठेतरी ‘एचएसएन’ नावाचा एक आकडा असतो. दागिन्यांच्या बिलावर तो बहुधा ७११३ ने सुरू होतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी पडले कॉमर्सची पदवीधर, मला आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. या आकड्याच्या इतिहासात आपला एक श्रावकही भेटतो.

रत्नांवर जकात बसवणं पूर्वीपासून अवघड. धान्य मापता येतं, कापड मोजता येतं. पण सारख्या वजनाच्या दोन लाल खड्यांत एक लाखाचा आणि दुसरा शंभराचा असू शकतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यावर तोड सांगितली आहे. हिरे, मणी, मोती, पोवळी यांचं शुल्क जाणकारांकडून ठरवून घ्यावं, आणि ते ठरवताना त्यांवर झालेलं काम, लागलेला वेळ आणि मजुरी ध्यानात घ्यावी. म्हणजे खडा कच्चा की घडवलेला, हा प्रश्न तेव्हाही होताच.

पुढे अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीला ठक्कुर फेरू नावाचे जैन अधिकारी होते. सुलतानाच्या खजिन्यातली रत्नं त्यांनी स्वतः पाहिली होती. १३१५ साली त्यांनी मुलासाठी प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ लिहिली. रत्नांची लक्षणं, दोष आणि वजनाप्रमाणे किमती त्यात आहेत. माणिक आणि ‘लाल’ ही त्यांनी वेगवेगळी रत्नं मानली. युरोपात मात्र हा लाल, म्हणजे स्पिनेल, कितीतरी शतकं माणिक म्हणूनच चालला. ब्रिटिश राजमुकुटातलं प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ खरं म्हणजे स्पिनेल आहे!

व्यापार जगभर पसरला आणि प्रत्येक देशाची यादी वेगळी, नावं वेगळी, असा घोळ झाला. तो मिटवण्यासाठी १९८३ मध्ये ब्रसेल्सला करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून मालाची एक सामाईक यादी लागू झाली. बिलावरचा आकडा त्याच यादीतला. तिच्या ७१ व्या प्रकरणात मोती, रत्नं आणि सोनं-चांदी येतात.

आपली नवरत्नं त्या यादीत शोधून बघा. मोती ७१०१ मध्ये, हिरा ७१०२ मध्ये. माणिक, नीलम आणि पाचू ७१०३ मध्ये एकत्र. गोमेद आणि लसण्याही ७१०३ मध्येच, पण ‘इतर’ म्हणून. पोवळं मात्र या प्रकरणात नाहीच! कच्चं पोवळं पाचव्या प्रकरणात, प्राण्यांपासून मिळणाऱ्या वस्तूंत आहे. आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

प्रत्येक रत्नाला पुढचे आकडे जोडताना प्रश्न कौटिल्याचाच येतो, काम किती झालं? नुसता कापलेला किंवा ओबडधोबड आकार दिलेला खडा एका आकड्यात, पैलू पाडून पॉलिश केलेला दुसऱ्या. नेण्याआणण्याच्या सोयीसाठी दोऱ्यात ओवले तरी खडे खडेच राहतात. सोन्याच्या कोंदणात बसले की मात्र दागिना, म्हणजे ७११३.

प्रयोगशाळेत तयार केलेली रत्नं ७१०४ मध्ये, आणि काचेचे नकली खडे तर ७०१८ मध्ये, काचेच्या मण्यांबरोबर. लॅबमधले हिरे इतके वाढले की २०२२ पासून ७१०४ च्या आतही त्यांना इतर कृत्रिम रत्नांपासून वेगळे आकडे द्यावे लागले. डोळ्यांना ते खाणीतल्या हिऱ्यासारखेच दिसतात, किमतीत मात्र मोठा फरक.

आणि इथेच आपण सावध व्हायला हवं. सुटा हिरा ७१०२ चा की ७१०४ चा हे बिलावरून कळतं. तोच हिरा अंगठीत बसला की दोन्हींचा आकडा ७११३! त्या चार आकड्यांवरून हिरा कुठला ते समजत नाही. तिथे शब्दच हवेत.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली सारखं दिसणारं खपवणं. राज्याचे नियम मोडून केलेला व्यवहार आणि खोटी वजनमापंही त्याच यादीत आहेत. लॅबचा हिरा घेण्यात काही वावगं नाही. त्याला खाणीतला म्हणून विकणं किंवा लग्नात देणं, हा दोष.

म्हणून हिऱ्याचा दागिना घेताना बिलावर ‘नैसर्गिक’ की ‘लॅबमध्ये तयार केलेला’ हे स्पष्ट लिहून मागा, हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये वेगळं दाखवायला सांगा, प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा क्रमांक बिलावर घ्या. लेकीला किंवा सुनेला दागिना द्याल तेव्हा हे कागदही डबीसोबत द्या. पुढे तिला तो मोडायचा असेल किंवा परदेशी न्यायचा असेल, तर तुम्ही शेजारी नसाल, कागद असेल.