गहाण मुदतीआधी सोडवण्याचा अधिकार : सुपे ते गृहकर्ज

१/
आज गृहकर्ज घेतलेले एखादे कुटुंब महिन्याच्या खर्चातून दोन-अडीच हजार रुपये बाजूला काढते, ते हप्त्याशिवाय जादा भरते आणि वीस वर्षांचे कर्ज सोळा वर्षांत फेडते. या साध्या कृतीमागे तीन गृहीतके आहेत. कर्ज मुदतीआधी फेडता येते. जादा भरलेला पैसा मुद्दलातून वजा होतो. भरलेल्या प्रत्येक पैशाचा लेखी पुरावा मिळतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या दख्खनमध्ये यांपैकी एकाचीही शाश्वती नव्हती. हा धागा त्या तीन गृहीतकांच्या इतिहासाचा.

२/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावचा आठवडी बाजार. भोवतालच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने घेरली. त्यांना हवी होती खते, रोखे, हुकूमनामे. कागद हाती लागले की त्यांची होळी होई. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. जिथे सावकाराने मुकाट्याने खते काढून दिली, तिथे बहुधा त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. दंगलीचा रोख कागदावर होता.

३/
कागदावरच का? १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात हिंदी कापसाला अभूतपूर्व भाव आला, मुंबई इलाख्यात पैसा खेळू लागला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास, १८६७ पासून, जमिनींच्या फेरआकारणीत सारा वाढला. उत्पन्न उतरले, सारा चढला आणि जुने कर्ज जागच्या जागी राहिले. आता सावकार नवे कर्ज देईना, पण जुन्याची वसुली मात्र सोडीना.

४/
त्यात कायद्याने एक विचित्र भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणे आवश्यक केले. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. परिणाम नेमका उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई आणि तोवरचे व्याज मुद्दलात मिळवी. उदाहरणादाखल, १०० रुपये, दरसाल दर शेकडा २४ व्याज. तीन वर्षांनी नवे खत १७२ रुपयांचे. सहा वर्षांनी सुमारे २९६ चे. नऊ वर्षांनी सुमारे ५०९ चे. मधल्या काळात शेतकऱ्याला एक पैसाही नव्याने मिळालेला नसे.

५/
याला आळा घालणारे जुने नियम नव्हते काय? होते. दामदुपटीचा नियम धर्मशास्त्राइतका जुना : एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या विनियमाने न्यायालयांत व्याजाची कमाल मर्यादा शेकडा १२ ठेवली होती. १८५५ च्या कायद्याने ती उठली. दामदुपट शिल्लक राहिली. पण नवे खत म्हणजे नवे मुद्दल, त्यामुळे दुपटीची मोजणी दर तीन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. नियम जिवंत राहिला, त्यातला जीव गेला.

६/
आता काटकसरी शेतकऱ्याची कल्पना करावी. चांगल्या सुगीच्या वर्षी घरखर्च आवरून तो दोन पोती जोंधळा जादा देतो. त्या धान्याचा भाव सावकार ठरवतो. जमा कुठे होते? सावकाराच्या वहीत, सावकाराच्या हातानेच. पावती नाही, शेतकऱ्याला अक्षरओळख नाही. दावा उभा राहिला की न्यायालय खत पाहते, आणि खतावर शेतकऱ्याचा अंगठा किंवा नांगराची निशाणी असते. भरलेला जोंधळा खतावर नसतो. अशा व्यवस्थेत जादा भरणे ही फेड ठरत नाही. ती भेट ठरते.

७/
तरीही दोष शेतकऱ्याच्या खर्चिकपणालाच दिला जाई. लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कुणबी बुडतो, हे इंग्रज अंमलदारांचे आवडते स्पष्टीकरण होते. दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. लग्नाचा खर्च अधूनमधून येणारा. सारा, बियाणे, बैल आणि पोटगी यांसाठीची उचल सततची. घरचा हिशेब कितीही चोख ठेवला, तरी सावकाराच्या वहीतला हिशेब शेतकऱ्याच्या हाती नव्हता.

८/
आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमाने न्यायाधीशाला खताच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार दिला. खतावरचा आकडा अंतिम नाही. व्यवहार सुरू कसा झाला, प्रत्यक्ष किती दिले, किती परत आले, याची पहिल्यापासून चौकशी करावी. ज्या कागदांची सुप्यात होळी झाली, त्यांच्यावर चार वर्षांनी कायद्यानेही अविश्वास दाखवला.

९/
तेरावे कलम तर हिशेबाची वहीच होते. मुद्दलाचे खाते वेगळे, व्याजाचे वेगळे. व्याज सरळ आकारावे, ते मुद्दलात मिळवू नये. ऋणकोने भरलेली रक्कम आधी व्याजाच्या खात्यात जमा करावी, आणि भरलेली रक्कम त्या दिवशीच्या देय व्याजाहून अधिक असेल तर उरलेली मुद्दलाच्या खात्यात जमा करावी. शेवटी व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीहून जास्त निघाली, तर मुद्दल-बाकीच्या दुपटीपलीकडे देणे धरू नये. म्हणजेच दामदुपट, पण आता नव्या खताची पळवाट बंद करून.

१०/
या नियमाने काय बदलते, ते लहानशा हिशेबाने दिसते. कर्ज १०० रुपये, व्याज शेकडा १२, भरणा वर्षाअखेर. दरसाल नेमके १२ रुपये भरणाऱ्याचे मुद्दल शंभर वर्षांनीही शंभरच राहते. दरसाल २० भरणाऱ्याचे पाच वर्षांनी सुमारे ४९ उरते. दरसाल ३० भरणारा पाचव्या वर्षी सुमारे १६ रुपये देऊन मोकळा होतो. व्याजावरचा प्रत्येक जादा रुपया पुढच्या वर्षीचे व्याजही कमी करतो. आजच्या मुदतपूर्व फेडीचे गणित हेच आहे.

११/
पण जमा झाल्याचा पुरावा हवा. म्हणून याच कायद्याने शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा, वार्षिक हिशेब मागण्याचा आणि पासबुकात नोंदी करून घेण्याचा हक्क दिला; टाळाटाळ करणाऱ्याला दंड ठेवला. शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकापुढे होणे आवश्यक ठरले. न्यायालयाला गहाणाची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सवलत देता येऊ लागली. पुढच्या दुरुस्तीने शेतकऱ्याला केवळ ‘माझ्याकडे किती निघते’ एवढे ठरवून घेण्यासाठीही दावा लावता येऊ लागला.

१२/
कायद्याने चमत्कार झाला नाही. हिशेब उकरला जाणार हे दिसताच अनेक सावकारांनी गहाणखत घेणे सोडून थेट खरेदीखत लिहून घेणे सुरू केले. कागदावर विक्री, तोंडी बोली ‘पैसे दिलेस की जमीन परत’. ही बोली सिद्ध करणे अवघड होते. व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्यासाठी कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, त्यात निरक्षर शेतकऱ्याची सावकार आणि कचेरी यांच्यामध्ये होणारी कोंडी आहे. कायदा पुस्तकात होता. वाचणारा डोळा गावात नव्हता.

१३/
दुसरी उणीव भांडवलाची. सावकाराला आवर घातला, पण त्याच्या जागी कर्ज देणार कोण? विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना पुढे आणली. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली. लंडनच्या इंडिया ऑफिसने ती नाकारली. रानडे यांनी पुढे याच साहाय्य कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सहकारी पतसंस्थांचा कायदा येण्यास १९०४ उजाडावे लागले.

१४/
आता तिसरे गृहीतक : वेळेचे. महाराष्ट्रात ‘गहाण लहाण’ नावाचा एक व्यवहार रूढ होता. ठरलेल्या दिवशी पैसे दिले नाहीत, तर गहाण आपोआप विक्री ठरे. १८६४ साली रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मुदत उलटली तरी गहाण सोडवण्याचा हक्क संपत नाही. ‘एकदा गहाण, ते सदैव गहाण’ हे इंग्लिश न्यायातले सूत्र दख्खनच्या शिवारात उतरले. उशीर झालेल्या माणसाला दार उघडे राहिले.

१५/
लवकर आलेल्या माणसाचे काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने (मुंबई इलाख्यात १८९३ पासून) गहाण सोडवण्याचा हक्क साठाव्या कलमात मांडला. पण तो रक्कम देय झाल्यानंतरचा. १९१४ साली बख्तावर बेगम विरुद्ध हुसैनी खानम या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले, की करारात तशी विशेष अट नसेल, तर ठराविक मुदत संपेपर्यंत गहाण सोडवण्याचा हक्क सामान्यतः निर्माण होत नाही. धनकोची बाजूही समजण्याजोगी होती : त्याने दहा वर्षांच्या व्याजाच्या भरवशावर पैसे गुंतवलेले असत. थोडक्यात, कायदा आळशापेक्षा काटकसरी ऋणकोशी कठोर होता.

१६/
मुदतपूर्व फेडीला खरी जागा मिळाली ती कर्जाचे रूप बदलल्यावर. १७७५ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या गोल्डन क्रॉस या खाणावळीत केटली यांची गृहबांधणी मंडळी भरत असे. सभासद दरमहा वर्गणी देत आणि तिच्यातून घरे उभी राहत. अमेरिकेत १९२० च्या दशकातही बहुतेक गृहकर्जे अल्प मुदतीची होती. मुदतीअखेर मुद्दल एकरकमी द्यावे लागे. महामंदीत हजारो घरे गेली. १९३३ च्या गृहमालक कर्ज महामंडळाने शेकडा ५ व्याजाने १५ वर्षांची, दर हप्त्याला मुद्दल घटवणारी कर्जे सुमारे दहा लाख घरांना दिली.

१७/
मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मध्यमवर्गाने सामायिक पतीवर घर मिळवण्याचा तो आरंभीचा प्रयत्न. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसीची स्थापना केली आणि पगारदार माणसाला निवृत्तीपूर्वीच, मासिक हप्त्यांवर घर घेता येऊ लागले. मात्र मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड आकारण्याची प्रथा होती. १९१४ चा तर्क करारपत्राच्या बारीक अक्षरांत शिल्लक होता.

१८/
५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. बँकांतील ग्राहकसेवेसंबंधीच्या दामोदरन समितीने तशी शिफारस केली होती. २०१४ मध्ये ही सवलत व्यक्तींच्या बदलत्या व्याजदराच्या सर्व मुदत कर्जांना लागू झाली. म्हणजे घरखर्च वाचवून कर्ज लवकर फेडण्याचा निर्वेध अधिकार सामान्य भारतीय कर्जदाराला मिळून अजून फार काळ लोटलेला नाही.

१९/
त्या अधिकाराचे मोल आकड्यांत असे. कर्ज ३० लाख, व्याज शेकडा ९, मुदत २० वर्षे. हप्ता सुमारे २६,९९२ रुपये. पहिल्या हप्त्यातले २२,५०० व्याजात जातात. मुद्दल जेमतेम ४,४९२ ने घटते. पहिल्या महिन्यापासून २,२५० रुपये जादा भरले, तर कर्ज सुमारे १६ वर्षे ४ महिन्यांत फिटते आणि व्याजाचे सात लाखांहून अधिक रुपये वाचतात. सुरुवातीला भरलेला जादा रुपया सर्वाधिक काम करतो, कारण त्याच्यापुढे सर्वाधिक वर्षे असतात.

२०/
काटकसर दख्खनच्या शेतकऱ्यालाही येत होती. घरातल्या बाईने मडक्यात साठवलेली नाणी, सुगीनंतर दिलेली जादा पोती, मोडलेला दागिना, हे सारे त्याच्याही जमाखर्चात होते. फरक होता तो वहीचा. १८७५ मध्ये वही एकाच बाजूच्या हातात होती. १८७९ च्या कायद्याने ती न्यायाधीशापुढे उघडली, पासबुकाने ती ऋणकोच्या घरी आणली आणि २०१२ च्या आदेशाने तिच्यावरची मुदतीची कडी काढली. घरचा जमाखर्च त्यानंतरच कर्जाच्या खात्यापर्यंत पोहोचू शकला.