साष्टीचा वाघ

मरोळ बेटावर आहे असे म्हटले, तर वर्गातली पोरे हसतात. पण साष्टी हे बेटच. खाड्यांवर पूल झाले, भराव पडले आणि बेटपण विसरले गेले. १८६० साली विहार तलाव पुरा झाला. मुंबईला नळाचे पाणी मिळाले. त्याच तलावाकाठी १९२९ च्या जानेवारीत साष्टीचा शेवटचा वाघ मारला गेला.

बिबट्या मात्र टिकला. आरेतले वारली आजही वाघदेव पूजतात. त्याच आरेत २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन-तीन दिवसांत २,००० हून अधिक झाडे तोडली गेली.

वाघ बंदुकीने गेला. तेव्हा रान तरी मागे उरले होते. बिबट्यावर आज बंदूक कोणी रोखत नाही. त्याच्या पायाखालचे रानच सरत आहे, आणि बेटावरच्या जनावराने जावे तरी कोठे?