द्विधाव इंजिन
द्विधाव इंजिन अर्थात टू-स्ट्रोक इंजिन हे दट्ट्याच्या दोन धावांत, म्हणजे क्रँकशाफ्टच्या एकाच फेऱ्यात, कार्यचक्र पूर्ण करणारे अंतर्ज्वलन इंजिन होय. चतुर्धाव इंजिनास दोन फेरे लागतात. तरीही द्विधाव इंजिनाची शक्ती प्रत्यक्षात दुप्पट भरत नाही. त्याच्या लहान पेट्रोल प्रकारात सहसा झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे दट्ट्याच उघडतो व मिटतो. निष्कासद्वार उघडे असतानाच ताजे मिश्रण आत शिरते आणि त्याचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. हे मिश्रण क्रँककेसमधून येत असल्याने तेथे वंगणाचा साठा ठेवता येत नाही. त्यामुळे आकुर्डीत बनणाऱ्या जुन्या बजाज चेतक स्कूटरसाठी पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. तेही जळून निळसर धूर होई. मोठ्या जहाजांची द्विधाव डिझेल इंजिने आत केवळ हवा घेतात व इंधन नंतर फवारतात, म्हणून त्यांत इंधनाची अशी गळती होत नाही.