पोट कापून घेणारी माणसं

2011 साली नितीन गडकरींनी मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा आमच्या पौडच्या पारावर हशा पिकला. “तोंड आवरायचं सोडून पोट कापायचं?” त्यांना मधुमेह होता, हे कुणी ध्यानातच घेतलं नाही.

अल्सरसाठी जठर कापलेले रोगी बारीक होतात, हे पाहून अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये लठ्ठपणावर असं ऑपरेशन सुरू केलं. पुढे कळलं, वजन उतरण्याआधीच साखर उतरू लागते. भूक चाळवणारं घ्रेलिन हे द्रव्यही मुख्यतः जठरातच बनतं. मग सगळा दोष जिभेला का द्यावा?

1972 चा दुष्काळ पाहिलेल्या आम्हाला पानातला आंबेमोहर टाकणं पाप वाटतं, ते असो. माझ्या एका विद्यार्थिनीनं वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचून अखेर हे ऑपरेशन केलं. इकडे मुळशीत मात्र पित्ताशयाचं म्हणून सांगितलं.