संकेतस्थळांचे सुटे भाग

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर सरकत्या चित्रांची पट्टी, अक्षरे लहान-मोठी करणारी बटणे आणि मराठी-इंग्रजी अदलाबदलीची सोय आहे. इतर अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही थोड्याफार फरकाने हेच दिसते. ओरोसच्या सिंधुदुर्गनगरीतील जिल्हा मुख्यालयासाठी ही बटणे वेगळी घडविलेली नाहीत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवास' या सेवेत तयार सांगाडा मिळतो; त्यात जिल्ह्याने आपला मजकूर भरायचा असतो.

एकदा घडवून अनेक पानांत बसविता येणाऱ्या अशा भागाला 'कंपोनंट' अर्थात घटक म्हणतात. रचना (एचटीएमएल), रूप (सीएसएस) आणि वर्तन (जावास्क्रिप्ट) ही तिन्ही अंगे त्यात एकत्र असतात. मजकूर आणि चित्रे बाहेरून पुरविली जातात. याहूने २००६ मध्ये असा संच खुला केला, २००७ मध्ये 'जेक्वेरी यूआय' आणि २०१३ मध्ये फेसबुकची 'रिअ‍ॅक्ट' आली.

रूप घडविणे सोपे. कस लागतो तो वर्तनात. सरकती पट्टीच पाहा. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक काळ हलणारा मजकूर वाचकाला थांबविता आला पाहिजे, असे 'डब्ल्यूसीएजी' ही सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगतात. ते थांबविण्याचे बटण माऊसविनाही, 'टॅब' कळीने गाठून 'एंटर' किंवा 'स्पेस'ने दाबता यायला हवे. नुसत्या रंगीत चौकोनाला क्लिक जोडले, तर डोळस वाचकाला ते बटणच वाटते. मात्र पडदा वाचून दाखविणाऱ्या 'एनव्हीडीए'सारख्या प्रणालीला तेथे बटण असल्याचा पत्ताच लागत नाही. एचटीएमएलमधील साधे 'बटन' वापरले असते, तर हे सारे आयतेच मिळाले असते. हौसेने नवे घडविण्याच्या नादात हे हमखास विसरले जाते.

देवनागरीची अडचण निराळी. इंग्रजी अक्षरांच्या मापाने उंची बांधून टाकलेल्या बटणात वरून रफार-वेलांटी आणि खालून उकार छाटले जातात. म्हणून उंची मजकुराप्रमाणे वाढू द्यावी लागते.

सामायिक घटकातील चूक एकाच वेळी सर्व संकेतस्थळांवर पोहोचते, दुरुस्तीही तशीच. काही चुका मात्र नजरेला दिसतच नाहीत. पान मराठीत बदलले, तरी बटणाचे ऐकू येणारे नाव घटकात इंग्रजीतच कोरलेले राहिले, तर अंध वाचकाला मराठी पानावर मध्येच इंग्रजी ऐकावे लागते.