वस्तरा, बंदूक आणि फुरसत

कोणतेंही साधन घडविणाऱ्याच्या हेतूशीं कायमचें बांधलेलें राहत नाहीं. अमेरिकन लष्करांतील अधिकारी जेकब शिक (१८७७–१९३७) यांच्या वस्तऱ्याचा इतिहास आम्हांस हेंच सांगतो. जिलेट यांच्या १९०४ सालीं पेटंट मिळालेल्या सुरक्षित वस्तऱ्यांत दुधारी पातें बोटांनीं बसवावें लागे. शिक यांनीं, अनेक काडतुसें पोटांत बाळगणाऱ्या बंदुकीवरून कल्पना घेऊन, वस्तऱ्याच्या मुठींतच पातीं साठविलीं. पुढें १९३० नंतरच्या दशकांत अरुंद, एका धारेच्या पात्यांची निराळी डबी निघाली. तिची कळ सरकवितांच नवें पातें वस्तऱ्यांत शिरे, जुनें बाहेर पडे. बोटास धार लागण्याचें भय उरलें नाहीं.

शिक यांस मात्र पाणी व साबण हींच नकोशीं होतीं. १९३० सालीं त्यांनीं विजेवर चालणाऱ्या कोरड्या वस्तऱ्याचें पेटंट मिळविलें. आज फेसाच्या दाढीचे शौकीन डबीचा तो जुना वस्तरा आळीपाळीनें एकमेकांकडे धाडतात. पातें ज्याचें त्यानें नवें घालावें, वस्तरा तेवढा सामाईक! ज्यांनीं फेसापासून सुटका शोधली, त्यांच्याच कल्पनेचें फळ फेसाच्या भक्तांनीं जपलें. काळाचा हा विनोद खरा. पण वस्तु टिकाऊ घडविली नसती, तर तो करावयास काळास तरी काय उरलें असतें?