गरोदरपणातील रक्तदाब आणि स्त्रियांच्या हृदयाचे आरोग्य

गरोदरपणात वाढलेला रक्तदाब बाळंतपणानंतर उतरला की विषय संपला, असे आपल्या घरांत बहुधा धरले जाते. वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. म्हणून ही माहिती आम्ही समाजातील भगिनींसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी देत आहोत.

केव्हा सावध व्हावे?
रक्तदाबाचा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक, असे पुन्हा मोजल्यावरही आले तर तो उच्च रक्तदाब होय. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड यांवर परिणाम दिसला, तर त्यास प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज, धाप लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी किंवा आकडा १६०/११० वर गेल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. हा त्रास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही उद्भवू शकतो. तेव्हा बाळंतिणीची डोकेदुखी जागरणावर ढकलू नये.

पुढचा धोका
२००७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांत पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट आणि कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचा धोका साडेतीन पटींहून अधिक आढळला. पक्षाघाताचा धोकाही वाढलेला होता. २०११ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशन स्त्रियांच्या हृदयविकाराचा धोका ठरवताना हा इतिहास विचारात घेते. धोका वाढतो याचा अर्थ आजार होणारच असा नाही. वेळीच कळले म्हणजे काळजी घेता येते.

फाइल जपा
आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते. माहेर पुणे-नागपूरला, सासर धार-देवासला. सव्वा महिन्यानंतर बाळ-बाळंतीण परततात आणि कागद माहेरच्या कपाटातच राहतात. वीस वर्षांनी छातीत दुखू लागले, की डॉक्टरांना जुने काही कळत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड व मातृ-शिशु कार्ड सोबत आणावे, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे.

काय करावे?
- प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात (सुरुवात २०१६) सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा.
- बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात व सहा आठवड्यांनी, आणि पुढे दरवर्षी रक्तदाब मोजावा. साखर व कोलेस्टेरॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासावे.
- पुढच्या गरोदरपणाच्या आधीच डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाची काही औषधे गर्भाला घातक असतात, आणि कमी मात्रेची ॲस्पिरिन लागत असल्यास ती लवकर सुरू करावी लागते. कोणतेही औषध मनाने घेऊ वा बंद करू नये.
- एरवी दिवसाचे मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, याहून कमी असावे. आपल्या माळव्यात पोह्यांवर शेव आणि जेवणात पापड-लोणचे असतेच. तेही यातच मोजावे. गरोदरपणात मात्र मीठ स्वतःहून तोडू नये.
- रोज अर्धा तास चालावे. तंबाखू व मिश्री सोडावी.

घरातील सासूबाई, आई, आत्या, मावशी यांनाही आम्ही विनंती करतो: तुमच्या बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का, ते आठवा. आज साठी उलटली असली तरी ती गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे, आणि लेकीबाळींनाही.